राळ

आधी मेण. सात हात.
मग जेलकोट, गिऱ्हाईक म्हणेल तो निळा.
मग काचेची मॅट, वर रेझिन,
आणि रोलर, बुडबुडे संपेस्तोवर.
हे मला आता झोपेतही येतं.
झोपेत खाजही येते.
काचेचे तंतू कोपराच्या लवणीत बसतात,
धुवायचं ते गार पाण्यानेच,
असं पहिल्या दिवशी प्रेमावती म्हणाली
आणि स्वतःचे हात पुढे केले.

बेतूलला, साळ नदी समुद्राला मिळते
तिच्या जरा अलीकडे आमची शेड.
तिथे सगुण मेस्तांना आणलं
पाच दिवसांच्या रोजावर.
कायतानची होडी त्यांनीच कधीतरी बांधलेली,
फणसाच्या फळ्या, तांब्याचे खिळे.
ती आता गुळगुळीत करायची,
तिच्यावरून साचा निघायचा होता.
एकदा साचा झाला की होड्या काय,
पावासारख्या काढायच्या.

मी पिंपाचं झाकण उघडलं.
मेस्त वाकले, वास घेतला.
'राळ मगो ही?'
राळच, म्हटलं.
'खंयच्या रुखाची?'

पिंपावर बघितलं.
बॅच नंबर होता, तारीख होती,
जाळाचं लाल चित्र होतं.
झाड कुठे नव्हतं.
मुकादम हसला. मला हसता आलं नाही,
मला खरंच ठाऊक नव्हतं.
पुढे कोणीतरी सांगितलं, तेलापासून करतात,
आणि तेल म्हणजे जुन्या समुद्रातले जीव,
डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे,
चिखलात दबून दबून झालेले.
तोवर मेस्त घरी गेले होते.

पाच दिवस त्यांनी लांबी भरली,
ऐंशीचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग चारशे.
सांधे गेले, खिळ्यांची डोकी गेली,
लाकडाचं लाकूडपण गेलं.
डाव्या अंगाला, वरवंडीच्या हातभर खाली,
अंगठा बसेल एवढी एक खोच राहिली.
ही भरायची ना, मी विचारलं.
'वाकस निसटलो थंय,' एवढंच म्हणाले,
आणि तिच्यावरून मेणाचं फडकं फिरवलं.
मुकादम जेवून आला तोवर सातवा हात चालू होता.

होडीवरची खोच साच्यात उंचवटा झाली.
उंचवट्याची, होडीत, पुन्हा खोच.
अशा त्रेचाळीस.

साचा सुटेना तेव्हा पाचर मारली
आणि लाकडी होडी मधोमध उकलली.
असोळण्याचा पोदेर टेम्पो घेऊन आला,
त्याच्या भट्टीला आठवडा पुरली म्हणे.
मेस्त येऊन खिळे तेवढे मागून गेले,
डालड्याच्या डब्यात,
मोजले नाहीत.

कुटबणच्या जेटीवर मी एकदा पाहिलं,
होडी पाण्यात ढकलताना
माणसं अंगठा बरोबर तिथेच टेकतात.
कोणी शिकवलं नाही.
तळपणचा एकजण तर भांडायलाच आला होता,
दुसऱ्या शेडमधून घेतलेली होडी घेऊन:
हिला अंगठा नाही, ही डुप्लिकेट!
आमची नव्हेच ती, मुकादम सांगत राहिला.
तो ऐकेना.

यंदा साच्याला केसासारख्या चिरा गेल्यात.
हवा इतकी दमट की रेझिन धरत नाही,
दोनशेचे बल्ब लावून बसलोय.
नवा साचा हवा, आणि लाकडी होडी
काणकोणापर्यंत शोधूनही मिळाली नाही.
तेव्हा सात नंबरची परत आणलीय,
फायबरवरूनच फायबर काढायचं.
बुडाला शिंपले चिकटलेले, ते खरवडले,
जाळ्याच्या दोरीने कातरलेल्या कडा भरल्या.
'आणि ती खोच पण बुजव या खेपेला,'
मुकादम म्हणाला, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

लांबी पत्र्यावर कालवलेली आहे.
हार्डनर पडला, म्हणजे दहा मिनिटं, फार तर बारा.
फोनवर तो कोणाला तरी दर सांगतोय.
प्रेमावती माझ्याकडे बघत नाही,
मॅट कापतेय, कापतेय.

लांबी पत्र्यावरच दगड झाली.
मी मेणाचं फडकं घेतलं.
सात हात.
अंगठ्यापाशी आठ.